मागचं पान

“धडधाकट माणूस! अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावतो आणि ताठ चालत लिफ्टकडे जातो,” समेळबाई सोसायटीच्या सभेत म्हणाल्या. पुरावा म्हणून त्यांनी आपल्या शिकवणीतल्या ऋजुताची निरीक्षणवही उघडून धरली. पानभर तारखा, आणि प्रत्येकीपुढे एकच ओळ: ‘खानविलकर काका गाडीतून उतरून चालत गेले.’ खाली बाईंची लाल सही.

खानविलकरांनी खिशातून दाखला अर्धा बाहेर काढला.

“अहो, असले दाखले हल्ली विकत मिळतात!” कुणीतरी हसलं. त्यांनी तो परत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी लांब फाटकाशी उभी राहू लागली.

चौथ्या दिवशी फाटकाजवळच्या उतारावर ते पडले, ते डोक्यावरच. पुन्हा उठले नाहीत. त्यांचा बूट बाजूला पडला होता, आत गुडघ्यापर्यंतचा कृत्रिम पाय.

आठवड्यानं शिकवणी पुन्हा सुरू झाली. ऋजुता वही घेऊन आली.

“बाई, तुम्ही मागचं पान तपासलंच नव्हतं.”

त्याच तारखांपुढे गोल अक्षरांत लिहिलं होतं: ‘लिफ्टमागे बसून काकांनी पाय काढला. रक्त पुसलं. परत लावला.’

“बरोबर लिहिलंय ना, बाई?” तिनं लाल पेन पुढे केलं.