पेंढ्याखाली

दुष्काळाच्या साली बनुबाईनं ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी डोक्यावर वाहून मिरचीचे वाफे जगवले. पुढच्या आषाढात अकोल्याच्या डोंगराकडून पाऊस कोसळू लागला, मिरची तरारली आणि धाकट्या जावेची, मालनची, जीभही तरारली. "आक्का, दादा तर गेलं. तुमाला ना पोर ना बाळ. रान आता माझ्या पोरांचं. तुमी आपलं म्हायेर गाठा."

बनुबाई भांडली नाही, रडली नाही. जायच्या आदल्या दिवशी भर पावसात, डोक्यावर घोंगडं घेऊन, ती दिवसभर वाफ्यांत वाकून होती. संध्याकाळी सगळे वाफे भाताच्या पेंढ्यानं झाकलेले पाहून मालन वरमलीच.

"पावसाच्या माऱ्यानं माती वाहून जाती, म्हणून झाकलंय," बनुबाई म्हणाली. "दिवाळीपातुर पेंढा उचलू नको."

सकाळी निघताना मालन रीतीप्रमाणं पाया पडली. "मनात काय ठिवू नका, आक्का. पोरांना आशीर्वाद द्या."

बनुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नखांतली माती अजून गेली नव्हती.

"तुझ्या पोरांच्या हाताला या रानात सात पिढ्या काम मिळू दे," ती म्हणाली आणि गाठोडं उचलून चालू लागली.

पेंढ्याखाली, वाफ्यावाफ्यांत, तिनं बांधावरची सगळी हरळी, तुकड्यातुकड्यातून नव्यानं फुटणारं ते चिवट तण, मुळ्यांसकट उपटून, तुकडा तुकडा करून पेरली होती.