एकशे चार

चिझुरुने घटस्फोटाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. साक्षीदारांच्या दोन जागांपैकी एकीत तिच्या भावाच्या नावाचा शिक्का होता. दुसरीसाठी तिने नणंदेलाच बोलावलं होतं. फुमिएताई शिक्का पर्समध्ये घेऊनच आल्या होत्या.

तिच्या नवऱ्याने, नोबुहिकोने, कागदाकडे पाहिलं नाही. त्याने फोन पाहिला.

बायकोच्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र होतं. रक्तातली साखर वाढली की ते जास्त चमकायचं. वर चिकटवलेली चकती ती चमक मोजून दर पाच मिनिटांनी आकडा धाडायची, तिच्या फोनवर आणि काळजीवाहू म्हणून नवऱ्याच्याही. नोबुहिकोला त्यात सुखी संसाराची गुरुकिल्ली सापडली. त्याने परस्पर साप्पोरोची बदली घेतली तेव्हा ती भडकली. आकडा होता एकसष्ट. साखर उतरलीय म्हणून चिडतेस, आधी रस पी, तो म्हणाला. सासूबाई न विचारता कायमच्या राहायला आल्या, तेव्हा दोनशे चाळीस. साखर चढलीय, मग उद्या बोलू. त्या उद्याला आता दोन वर्षं झाली होती. या काळात त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता, हे तो सगळ्यांना सांगायचा.

आज आकडा अगदी व्यवस्थित होता, एकशे चार, आणि रेघ सकाळपासून सपाट. त्यासाठी चिझुरु तीन दिवस भात तोलून खात होती.

नोबुहिकोने फोन बंद करून पुन्हा चालू केला. मग म्हणाला, यंत्राचा काय भरवसा, बोट टोचून बघ. तिने टोचलं. एकशे सहा.

"आज साखर बोलत नाहीये, नोबु," फुमिएताई म्हणाल्या. "बायको बोलतेय. ऐक."

चिझुरुने साप्पोरोपासून सुरुवात केली. आवाज खाली ठेवून, एकेक करून. सामान बांधण्यापासून ते त्या बदलीपायी सुटलेल्या तिच्या नोकरीपर्यंत. सासूबाईंपर्यंत ती पोचायच्या आतच नोबुहिकोचा फोन थरथरला. आज पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"एकशे बावीस. बाण वर." त्याने फोन बहिणीपुढे धरला. "बघ ताई, चढायला लागली. आता हिच्या बोलण्याला काही अर्थ आहे का?"

"चढणारच," चिझुरु म्हणाली आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "रागावलेय मी."