कपाटातला फोन

लोखंडी कपाटात फोन पुन्हा घरघरला. लिफ्टवाल्याचं पेन थबकलं.

वाक्य अर्धंच झालं होतं. आणि काय वाक्य होतं! इतके दिवस हुलकावण्या देणारी नायिका आज कुठे घराबाहेर पाऊल टाकत होती. प्रकाशक विचारत नाहीत ना, मग कादंबरी आपली आपणच काढू, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगून बसला होता. पण काढायची तर आधी लिहायला नको? म्हणून रोज सकाळी एक पान. पान भरेपर्यंत फोन कपाटात आणि किल्ली बायकोकडे. तरी चार दिवस लिहायचं नि पाचव्या दिवशी निमित्त काढून उठायचं, हा याचा खाक्या. काल तिने हातच जोडले होते. "पुन्हा मधेच उठलात, तर किल्ली तुमची तुम्ही सांभाळा. मला नाही जमत ही राखण."

आज मात्र गडी वेगळाच होता. एरवी गदागदा हलवल्याशिवाय न उठणारा माणूस आज उजाडायच्या आत आपणहून टेबलाशी येऊन बसला होता.

घरघर थांबली. त्याने हुश्श केलं, पेन टेकवलं. पुन्हा घर्र, घर्र.

कामावरून तर नसेल? मागच्या महिन्यात एक आजीबाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. दार उघडल्यावर त्यांनी त्याचा हात जो धरला, तो सोडायलाच तयार नव्हत्या.

"अगं, किल्ली दे. लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलंय."

"तुमची ड्युटी आठला," चहा गाळता गाळता बायको म्हणाली. "तोवर दुसरा माणूस आहे ना?"

"तो घोरत पडला असेल!"

"'मी पाया पडलो तरी किल्ली देऊ नकोस,' हे कोण म्हणालं होतं?"

तो परत टेबलाशी बसला. नायिका दारातच ताटकळत उभी. अक्षर काही उमटेना. फोन परत घरघरला, तसा तो ताडकन उठला. माणसाच्या जिवापुढे कादंबरी ती काय! त्याने पिशवीतून पेचकस काढला. अडकलेली दारं उघडणं हा तर त्याचा धंदाच. कपाटाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

बायको दाराशी येऊन उभी राहिली. किल्ली तिने त्या अर्ध्या वाक्यावर नेऊन ठेवली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

त्याने फोन हातात घेतला आणि मटकन खाली बसला.

"अहो, कोण अडकलंय?" आता तीही घाबरली.

त्याने फोन तिच्यापुढे धरला. आज तरी जाग यावी म्हणून, आणि पोरांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून नुसती थरथर ठेवून, काल झोपताना त्यानेच लावलेला तो गजर होता. खाली त्याचेच शब्द होते:

"ऊठ गड्या, लिहायला बस."