तीन चुकांचा सेंट

भिंगाखाली नाणं धरलं आणि ऑर्विलला दरदरून घाम फुटला. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको वर्ना सँडविचचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. सापडलं! ज्याच्यापायी हा माणूस पेनसिल्व्हेनियातले सगळे नाण्यांचे बाजार पालथे घालत होता, ते एकदाचं सापडलं.

१८०१ सालचा तांब्याचा सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा हिस्सा. त्या साली टाकसाळीतल्या कुणा महाभागाने एकाच ठशात तीन-तीन चुका करून ठेवल्या होत्या. साधा सेंट साठ डॉलरला मिळे. या चुकलेल्यासाठी लोक हजार मोजायला एका पायावर तयार असत. आणि नाणी विकणाऱ्या क्लाइडने तो आपल्या टेबलावर साध्या सेंटांच्या खोक्यात टाकला होता. वर साठ डॉलरची चिठ्ठी!

"काही बोलू नकोस. पैसे दे आणि ऊठ," वर्ना पुटपुटली.

सांगायला सोपं होतं. पण निमूट पैसे देणं ऑर्विलच्या रक्तातच नव्हतं. नावं ठेवल्याशिवाय त्याने आजवर एक नाणं विकत घेतलं नव्हतं. घरीही तोच खाक्या. कॉफी पाणचट, चेरीचा केक करपलेला, पडदे तिरके. हे क्लाइडलाही चांगलं ठाऊक होतं. आज ऑर्विलने मुकाट्याने पाकीट काढलं असतं, तर त्याला नक्की संशय आला असता. निदान ऑर्विलने स्वतःची समजूत तरी अशी घातली.

"साठ?" त्याने नाक मुरडलं. "चाळीस घे."

"का रे बाबा? काय वाईट आहे त्यात?"

हे विचारायला नको होतं. ऑर्विलची जीभ सुटली.

"काय वाईट? डोळे आहेत की बटणं? पानांच्या माळेला एका बाजूला देठच नाही. 'युनायटेड'मधला यू बघ, नुसते दोन उभे दांडे! आणि खाली एक-शतांश लिहायचं, तर गाढवांनी एकाखाली तीन शून्यं ठोक—"

वर्नाने कपाळाला हात लावला.

ऑर्विल थांबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. क्लाइडने अलगद त्याच्या बोटांतून नाणं काढून घेतलं. स्वतःचं भिंग लावून पाहिलं. मग शांतपणे जुनी चिठ्ठी फाडली.

"ऑर्विल, देवमाणूस आहेस तू!" त्याला अगदी भरून आलं होतं. "मला जन्मात दिसलं नसतं हे. बाराशे. तुला म्हणून अकराशे."

अकराशे कुठून आणायचे? ऑर्विल गाडीत येऊन बसला तो तोंड पाडूनच. बराच वेळ त्याने किल्लीही फिरवली नाही. गेलं. हातात आलेलं स्वतःच्याच तोंडाने घालवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्नालाही वाईट वाटलं. एरवी तिने चांगलंच फैलावर घेतलं असतं, पण तिने नुसतं एक सँडविच त्याच्या हातात ठेवलं.

त्याने एक घास घेतला. मोहरीची चटणी जास्त झाली होती. सवयीने त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आज या जिभेने पुरेसं नुकसान केलं होतं.

"छान झालंय," तो मोठ्या कष्टाने म्हणाला. "आणि तूसुद्धा, वर्ना. खरंच सांगतो, तुझ्यात एकही चूक नाही गं."

वर्नाने सँडविचचा डबा खाडकन मिटला.

"एकही नाही? अरे मेल्या, इतकी वर्षं एकेक चूक दाखवून चढवलेला माझा भाव एका दमात साठ डॉलरवर आणलास की!"