विहीणबाईंचं पोट

साखरपुड्यात सगळे माझ्या लेकीकडे बघत होते आणि मी विहीणबाईंच्या पोटाकडे. माझ्याच वयाच्या, दोन मुलांची आई, तरी निऱ्या कशा चापूनचोपून बसलेल्या. "रोज सूर्यनमस्कार घालते," म्हणाल्या. मीही महिनाभर घातले. पोट तसंच राहिलं, कंबर तेवढी धरली.

शेवटी गुपचूप पोट कमी करून देणारं क्लिनिक गाठलं. तिथल्या मुलीने मंगळसूत्र, बांगड्या काढायला लावल्या, पोटावर चुंबकाच्या मशीनचा पट्टा आवळला आणि बटण दाबलं. पोट आपलं आपणच घट्ट व्हायचं, सुटायचं.

पडद्यापलीकडच्या पलंगावरून ओळखीचा गोड आवाज आला, "नेहमीसारखं मशीन साठवर ठेव गं. पोराचं लग्न तोंडावर आलंय."

म्हणजे हे होते सूर्यनमस्कार. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"माझं किती आहे?" मी विचारलं.

"तीस. पहिल्या दिवशी एवढं पुरे, काकू."

"सत्तर कर." मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

पोटात कोणी धुणं पिळतंय असं वाटलं. मी पदराचा बोळा दातात धरला.

पलीकडून त्याच गोड आवाजात ऐकू आलं, "माझं ऐंशी कर गं. वरमाई आहे मी."