झीव्कोची ओळ

बल्गेरियातल्या रुसे शहराच्या वाचनालयाचा सर्व्हर झीव्कोनं उभा केला होता. रॉटरडॅमला जाण्याआधी त्यानं लॉगिनच्या फाईलमध्ये एक ओळ टाकून ठेवली. त्यामुळे तीन वर्षं रोज सकाळी, आता सर्व्हर सांभाळणाऱ्या राद्काच्या स्क्रीनवर तो विचारायचा, "काय गं वेंधळे, बॅकअप घेतलास का?" तीही मोठ्यानं म्हणायची, "घेतला रे, घेतला!" त्याचे फोन मात्र कधीच थांबले होते. आज सर्व्हरचं अपडेट मध्येच अडलं: लॉगिनची ही फाईल कुणीतरी बदललेली आहे; जुनीच ठेवू की नवीन घेऊ? "नवीन घे," ग्रंथपाल पेन्चेवाबाई म्हणाल्या, "जुनीतून कुणीही आत शिरेल. एवढा कसला विचार करतेस?" राद्कानं नवीन घेतली. पुन्हा लॉगिन केलं, तर स्क्रीन कोरी. बाई बानित्सा खायला गेल्या, तशी तिनं सकाळीच घेतलेला बॅकअप उघडून जुनी फाईल शोधली. ओळ तिथंच होती: "काय गं वेंधळे, बॅकअप घेतलास का?" "घेतला रे."