एकेक पायरी

साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. प्रश्न होता, ऑफिसात कोणावाचून अडणार नाही? खाली एकच नाव, तिचं.

"मी नाही म्हणत, कॉम्प्युटर म्हणतोय," असं म्हणून साहेबांनी राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. शेजारी तिचा धाकटा दीर बसला होता. त्याला इथे चिकटवलं होतं तिनंच.

कॉम्प्युटर म्हणे! अहो, इथला प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यात त्याला माहिती द्यायची, नियम द्यायचे, मग निष्कर्ष तो काढतो. पण नियम देणारं कोणी असतंच ना? ती पेटलीच. तिनं कीबोर्ड ओढला आणि माग काढायचं साधन चालू केलं. ते तिनंच घडवलेलं. उत्तर कसं निघालं ते एकेक पायरी दाखवायचं, आणि दर पायरीला बटण दाबेपर्यंत थांबायचं.

तिनं बटण दाबलं. बसचालकांच्या पाळ्या कोण लावतं? ती. आणखी कोणाला येतं? दिराला. पुन्हा दाबलं. प्रोग्रॅममधल्या चुका कोण शोधतं? ती. आणखी कोणाला येतं? दिराला. सगळं तिनंच शिकवलेलं, सुट्टीच्या दिवशी घरी बसवून. गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी. स्वतःचं काम मात्र त्या पठ्ठ्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

शेवटी नियम आला. ज्याचं सगळं काम दुसऱ्या कोणाला येतं, त्याच्यावाचून अडत नाही.

"हा कुणी घातला?"

साहेबांनी दिराकडे पाहिलं.

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखाच आहे," तो खाली बघून म्हणाला.

केसानं गळा कापायचा आणि वर हे. तिला असा संताप आला, पण सही केली. टेबल आवरलं, पर्स उचलली आणि बाहेर पडली.

ती जिन्यापर्यंत पोचली तोच दीर धापा टाकत मागून आला. त्याच प्रोग्रॅममधून काढायच्या उद्याच्या पाळ्या निघत नव्हत्या. कॉम्प्युटर दर पायरीला थांबून बटण मागत होता, आणि पायऱ्या हजारो. माग काढणं बंदच होईना.

"वहिनी, ते बंद कसं करायचं?"

"अगंबाई, भावजी," ती म्हणाली, "तेवढं तुम्हाला शिकवायचं राहिलंच." आणि जिना उतरू लागली.